व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट स्वतः बसवायचा असेल तर

व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट घेणारा जो तो आधी ऐकतो, की व्हॉल्व्ह उघडा असताना गाडी कशी वाजते. घेताना खरं तर बंद असताना कशी वाजते ते ऐकावं. मोठा आवाज कुठलाही सरळ पाइप देतो, आणि स्वस्तात देतो. पहाटे गाडी बाहेर काढताना शेजारी जागे होऊ नयेत, लांबच्या प्रवासात डोकं उठू नये, आणि मनात आलं की एका बटणावर इंजिनाचा गळा मोकळा व्हावा, एवढ्यासाठी व्हॉल्व्हचे जास्तीचे पैसे मोजायचे असतात. बसवतानाही हेच डोक्यात असू द्या. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल, तर बाकीचं फिटिंग कितीही देखणं झालं तरी काम फसलं.

आतली रचना अगदी साधी आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी किंवा त्याच्या आत, पाइपात एक गोल चकती दांड्यावर बसवलेली असते. ती पाइपाला आडवी आली की सरळ वाट बंद. वायूला सायलेन्सरमधल्या कप्प्यांतून आणि भोकं पाडलेल्या नळ्यांतून वळसा घालावा लागतो आणि आवाज तिथे जिरतो. चकती प्रवाहाच्या रेषेत आली की वायू थेट बाहेर. चकती फिरवायचं काम अ‍ॅक्च्युएटरचं. तो दोन प्रकारचा मिळतो: व्हॅक्यूमवर चालणारी गोल डबी, किंवा छोटी इलेक्ट्रिक मोटर. पुढची अर्धी डोकेदुखी या दोघांपैकी तुमच्याकडे कोण आहे यावर ठरते.

किट निवडताना

पहिल्यांदाच हे काम करणार असाल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याला, हात लावू नका. कन्व्हर्टरच्या मागचा सगळा भाग बदलणारं कॅट-बॅक किट, किंवा फक्त मागचा सायलेन्सर आणि टिपा, म्हणजे बंपरपाशी बाहेर दिसणारी पाइपांची टोकं, बदलणारं अ‍ॅक्सल-बॅक किट घ्या. ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टरच्या पुढे आणि लगेच मागे असतात. ते जागेवर राहिले की इंजिनाचा दिवा पेटायचं कारण उरत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पुन्हा ट्यून करायची गरजही सहसा पडत नाही. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टरबरोबर कणगाळणी, म्हणजे पार्टिक्युलेट फिल्टरही असतो. त्याचे दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर वेगळे असतात आणि काही गाड्यांत हा फिल्टर बराच मागे बसवलेला असतो. म्हणून किट मागवताना मॉडेल आणि वर्षावर थांबू नका. फिल्टर आहे की नाही, गिअरबॉक्स कुठला, कंपनीच्या सायलेन्सरला आधीपासून व्हॉल्व्ह आहे की नाही, मागचा बंपर कुठल्या प्रकारचा, हे सगळं विक्रेत्याला कळवा. एकाच गाडीच्या दोन बंपरांत टिपांची जागा बोटभर वेगळी निघते.

ताकद वाढेल म्हणून घेत असाल तर थांबा. आजकालच्या गाड्यांचे कंपनी एक्झॉस्ट बरेच मोकळे असतात; मागचा भाग बदलून मिळणारी ताकद रस्त्यावर जाणवेलच असं नाही. वजन मात्र खरंच कमी होतं, विशेषतः टायटेनियममध्ये. टायटेनियमची घनता पोलादाच्या साधारण ५७ टक्के आहे. पण आवाज पातळ आणि थोडा करकरीत येतो आणि पैसेही भरपूर पडतात. स्टेनलेस घेणार असाल तर ३०४ ग्रेड बघा. ४०९ ग्रेड स्वस्त पडते, पण तिच्यावर गंजाचा तांबूस थर चढतो. त्याने फार बिघडत नाही. दिसायला वाईट, एवढंच.

टर्बोचार्ज गाडीचा आवाज टर्बाइनमध्येच निम्मा मरतो, त्यामुळे तिथे मोकळं किट चालून जातं. तेच किट टर्बो नसलेल्या मोठ्या इंजिनाला लावलं तर डोकं धरायची वेळ येते. दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ ऐकून किट ठरवू नका, आणि फोनच्या माइकवर तर मुळीच नको; खालचा घुमारा त्यात उतरतच नाही.

खोक्यातून निघाल्यावर, गाडीखाली जाण्याआधी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सगळे भाग जमिनीवर जुन्या चादरीवर गाडीत असतील त्याच क्रमाने मांडा. प्रत्येक फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या जोडायच्या चपट्या कडेवर, सरळ पट्टी आडवी धरून बघा. मधून उजेड दिसला तर फ्लँज वाकलेला आहे आणि तिथून गळणार. जोडाचे झाळ, म्हणजे वेल्डिंगचे सांधे, आतून बोटाने चाचपून पाहा, पण हातमोजे घालून, कारण आतल्या कडा ब्लेडसारख्या असतात.

मग व्हॉल्व्ह. दांड्याचं बाहेरचं टोक चिमटीत धरून हलवा. अगदी किंचित खेळ चालतो, पण टकटक ऐकू आली तर तो व्हॉल्व्ह इंजिन थंड असताना पत्र्याच्या डब्यासारखा वाजेल. चकती हाताने फिरवा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखाच विरोध जाणवला पाहिजे. मधेच अडकली तर कुठेतरी झाळ आत उतरलं आहे. आता चकती बंद स्थितीत नेऊन पाइपाच्या एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावा. कडेने बारीक उजेडाची रेघ दिसणं साहजिक आहे, कारण तापल्यावर चकती फुगते आणि तेवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. चंद्रकोरीएवढा उजेड दिसला तर मात्र चकती दांड्यावर तिरकी बसली आहे. ती परत पाठवा. एकदा धूर लागला की विक्रेता परत घेणार नाही.

व्हॅक्यूमची डबी असेल तर हातपंपाने ओढून बघा. दांडी झटकन सरकली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर निदान एक मिनिट तिथेच राहिली पाहिजे. हळूहळू परत येत असेल तर आतला रबरी पडदा फाटला आहे. याच वेळी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: व्हॅक्यूम ओढल्यावर व्हॉल्व्ह मिटतो की उघडतो? बहुतेक कंपनी गाड्यांत व्हॅक्यूमने मिटतो आणि स्प्रिंग त्याला उघडते. म्हणूनच नळी निघाली की गाडी एकदम गरजायला लागते. नव्या किटची स्प्रिंग उलटी असेल आणि ती डबी तुम्ही गाडीच्या मूळ सोलेनॉइडवर (व्हॅक्यूम सोडणाऱ्या-रोखणाऱ्या विजेच्या झडपेवर) जोडलीत, तर शांत मोडमध्ये गडगडाट आणि स्पोर्ट मोडमध्ये शांतता असा प्रकार होतो.

इलेक्ट्रिक मोटर असेल तर तिच्या पिनांना थेट बॅटरीच्या तारा लावून बघायचा मोह टाळा. आत छोटं सर्किट असतं, ते जळतं. किटबरोबर आलेला कंट्रोलर जोडूनच चालवा. गाडीचीच मूळ मोटर नव्या व्हॉल्व्हवर चढवायची असेल, तर ती काढायच्या आधी इग्निशन चालू करून तिची हालचाल बघा. बऱ्याच मोटरी सुरू होताना एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून स्वतःच्या मर्यादा शिकतात. नवी चकती जुनीपेक्षा कमी किंवा जास्त अंशांत फिरत असेल तर मोटर गोंधळते आणि चूक नोंदवते.

गाडी उचलणं

इथे घाई नको आणि जुगाड तर नकोच. जमीन सपाट आणि टणक हवी. जॅक फक्त उचलण्यासाठी. तोलून धरायला चार स्टँड, तेही कंपनीने नेमून दिलेल्या जागांवरच. स्पोर्ट्‌स कार जमिनीला इतकी टेकलेली असते की ट्रॉली जॅक खाली जातच नाही. आधी चाकं जाड लाकडी फळ्यांवर चढवून घ्या. स्टँडवर बसल्यावर गाडीला कंबरेने एक चांगला धक्का द्या. हलली तर आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. पूर्ण किट बाहेर सरकायला खाली साधारण अर्धा मीटर जागा लागते.

गाडी कित्येक तास थंड झालेली हवी. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण खालून वर बघताना गंजाची पूड नेमकी डोळ्यांत पडते. आणि एक माणूस सोबत घ्या. मागचा सायलेन्सर दिसतो त्यापेक्षा जड असतो आणि त्याला टांगून धरणारं शेवटचं रबर सुटल्यावर तो एकट्याच्या हातात राहत नाही.

जुना काढताना

आदल्या रात्रीच सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल फवारून ठेवा. सकाळी परत एकदा. तरीही हलत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सैल करा. आट्यांतला गंज तुटला की बोल्ट सुटतो. जबरदस्तीने स्टड तुटला तर दिवस त्यातच जातो.

बहुतेक स्पोर्ट्‌स कारच्या पोटाखाली प्लास्टिकची झाकणं आणि आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या शोभेच्या नाहीत, चॅसिसला ताठ ठेवतात, उघड्या टपाच्या गाड्यांत तर जास्तच. कुठला बोल्ट कुठून निघाला याचे फोटो काढा. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. सर्व्हिस मॅन्युअल तसं सांगत असेल तर नवेच आणा.

सायलेन्सर खाली उतरवायच्या आधी अ‍ॅक्च्युएटरचा प्लग किंवा व्हॅक्यूमची नळी काढा. सांगायला सोपं वाटतं, पण सायलेन्सरचं सगळं वजन त्या बारीक वायरवर लोंबकळताना दिसलं की आठवतं. मग खाली जॅक लावून आधार द्या आणि रबरी हँगर सोडवा. रबर आणि लोखंडी दांड्याच्या मधे साबणाचं पाणी मारलं की ते सहज सरकतात. सिलिकोन स्प्रेही चालतो, पण ऑक्सिजन सेन्सर जवळपास असेल तर वापरू नका. सिलिकोनच्या वाफा सेन्सर निकामी करतात. रबरांना चिरा पडलेल्या दिसल्या तर याच वेळी बदला.

काही गाड्यांत कंपनीचा पाइप मागच्या अ‍ॅक्सलवरून अखंड जातो आणि तो कापल्याशिवाय बाहेर येत नाही. पाइपावर कापायच्या जागेची खूण सहसा असते. नवा पाइप शेजारी धरून मोजल्याशिवाय करवत लावू नका. मॉडेलप्रमाणे जोडणारी बाही विकत मिळते का तेही आधी बघा, म्हणजे जुना पुन्हा बसवायची वाट मोकळी राहते.

नवा बसवताना

सगळं सैल ठेवायचं. या कामातली अर्धी अक्कल यातच आहे. पुढच्या टोकापासून सुरुवात करा, नवी गॅस्केट (जोडातून वायू गळू न देणारी चकती) घाला, नट हाताने दोन-तीन आटे फिरवून सोडा. मधला पाइप, मग सायलेन्सर, मग टिपा, सगळं हँगरवर लोंबकळू द्या. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर फार पटकन जाम होतो, इतका की मग कापूनच काढावा लागतो. म्हणून आट्यांना उच्च तापमानाचं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावा; निकेलचं उत्तम. ते लावल्यावर आटे घसरतात, त्यामुळे पत्रकात कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, तसाच लावला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. पत्रकात कुठला टॉर्क दिला आहे ते नीट वाचा.

पाइपात पाइप सरकवायचा जोड असेल तर आतला पाइप खुणेपर्यंत जाऊ द्या. क्लॅम्पचे बोल्ट बाजूला किंवा वर तोंड करून ठेवा. खाली लोंबत राहिले तर पहिल्याच गतिरोधकावर घासतील.

आता टिपा. गाडीच्या मागे काही पावलं जाऊन उकिडवं बसा आणि दोन्ही बाजूंच्या टिपा बंपरशी कशा दिसतात ते बघा. वर-खाली, आत-बाहेर, तिरकेपणा. मग पुन्हा खाली जाऊन पाइप किंचित फिरवा. हे कितीही वेळा करावं लागलं तरी कंटाळू नका, कारण आवळल्यावर टिप जिथे आहे तिथेच राहते आणि रोज डोळ्यांना खुपते. बंपर आणि टिप यांच्यात चारही बाजूंनी बोटभर जागा हवी. त्याचं कारण निव्वळ दिसणं नाही. स्टेनलेस पोलादाचा दोन मीटर लांबीचा पाइप ३०० अंश सेल्सिअसने तापला की सुमारे १० मिलिमीटर लांबतो, टायटेनियमचा साधारण निम्मा. ती वाढ मागच्या दिशेला जाते. थंड असताना बंपरला चिकटून छान दिसणारी टिप तापली की प्लास्टिक वितळवते.

अ‍ॅक्च्युएटर कशालाही टेकत नाही ना, दांडी पूर्ण फिरते तेव्हा उष्णतारोधक पत्र्याला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला लागत नाही ना, हे हाताने फिरवून बघा. गाडी स्टँडवर असताना चाकं खाली लोंबलेली असतात. जमिनीवर टेकली की आर्म वर येतो. तेवढी जागा मनात धरा.

सगळं जुळलं की पुढून मागे आवळत या. प्रत्येक जोड आवळल्यावर टिपांकडे एक नजर टाका. शेवटी प्रत्येक जोडाशी, नटाच्या आणि बोल्टाच्या टोकावर मिळून पांढऱ्या पेनने एक रेघ मारून ठेवा. नंतर सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

आता आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन सगळे पाइप आणि टिपा पुसा, कोरड्या होईपर्यंत. बोटांचे ठसे पहिल्या उष्णतेत धातूवर भाजून बसतात आणि टायटेनियमच्या निळ्या-जांभळ्या छटांमध्ये तर स्पष्ट उमटतात. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर त्यासाठी मुळीच वापरू नका. त्याचे अंश तापल्यावर विषारी वायू तयार होऊ शकतो.

व्हॉल्व्हची जोडणी

व्हॅक्यूमवाल्या किटला नळी कुठून घ्यायची, हा प्रश्न येतो. गाडीच्या मूळ व्हॉल्व्हची नळी असेल तर तीच. नसेल तर व्हॅक्यूमच्या साठवण डबीतून किंवा किटच्या सूचनेप्रमाणे इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरून), मधे एकदिशा व्हॉल्व्ह टाकून. ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूमचा जोर देणाऱ्या डबीच्या, नळीला टी जोडू नका. सोपं असलं तरी तिथली गळती थेट ब्रेकच्या पायाखाली जाणवते.

इलेक्ट्रिक किटचा कंट्रोलर इग्निशनवर चालू होणाऱ्या सर्किटवरून घ्या, स्वतंत्र फ्यूज टाकून. कंपनीची मोटर काढून नुसती लोंबकळत ठेवली किंवा प्लग मोकळा सोडला तर गाडी चूक दाखवते. त्यासाठी मोटर असल्याची बतावणी करणारं छोटं मॉड्यूल मिळतं, किंवा जुनी मोटर प्लगला जोडूनच सुरक्षित जागी बांधून ठेवतात. वायर आणि नळ्या तापलेल्या पाइपापासून वितीवर ठेवा, जिथे जवळून न्यावंच लागेल तिथे उष्णतारोधक बाही घाला आणि प्लास्टिकऐवजी स्टीलचे टाय वापरा. फिरणाऱ्या ड्राइव्हशाफ्टपासून लांब. मोटरच्या प्लगच्या आधी वायरला खाली एक वळण ठेवा, म्हणजे पाणी प्लगात न जाता तिथून ठिबकतं.

पहिली सुरुवात

गाडी उघड्यावर, किंवा गॅरेजचं दार पूर्ण उघडून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरू केल्यावर काही मिनिटं पाइपांतून धूर निघेल. कारखान्यातलं तेल आणि तुमचं अँटी-सीझ जळतं आहे. धूर वाढत गेला किंवा प्लास्टिकचा वास आला तर बंद करा.

गळती शोधायला इंजिन थंडच असताना, सुरू केल्याबरोबर, मदतनिसाने टिपांवर जाड कापड थोडा वेळ हलकेच दाबावं आणि तुम्ही जोडांशी कान लावावा. फुसफुस किंवा बारीक टिकटिक ऐकू आली की तिथेच. जोडांवर साबणाचं पाणी फवारलं तर बुडबुडे जागा दाखवतात. मग व्हॉल्व्ह बटणाने उघडा-मिटा आणि दांडी खरंच फिरते आहे ना ते डोळ्यांनी बघा. नुसत्या आवाजावर विसंबू नका. आयडलवर, म्हणजे इंजिन जागेवर नुसतं चालू असताना, फरक फारसा कळत नाही.

छोटी चक्कर मारून गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे जोड पुन्हा तपासा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर परत एकदा. गॅस्केट दबतात, क्लॅम्प बसतात, त्यामुळे थोडं आवळावं लागणं स्वाभाविक आहे. जोडाभोवती काळा कोळसट डाग दिसला तर तिथून वायू झिरपतो आहे.

घुमारा आणि कायदा

व्हॉल्व्ह बंद असूनही एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत घुमत असेल, तर त्यामागे साधं गणित आहे. सहा सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात तीन स्फोट करतं. २,००० आरपीएमला सेकंदाला १००. म्हणजे १०० हर्ट्झ, आणि केबिनची हवा नेमकी तिथे साथ द्यायला लागते. यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपाला एका बाजूने बंद अशी शाखा जोडणं. तिची लांबी त्या लहरीच्या एक चतुर्थांश हवी. सुमारे ३०० अंश तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला अंदाजे ४८० मीटर जातो, तेव्हा १०० हर्ट्झला ही नळी १.२ मीटर भरते. म्हणून ती वळवून इंग्रजी जे अक्षरासारखी बसवतात. पण हे वेल्डिंगचं काम आहे. आधी हँगरची रबरं आणि टिपांची टेकण तपासा. अनेकदा घुमारा म्हणजे कुठेतरी धातूला धातू लागलेला असतो.

कायद्याचं म्हणाल तर किटवर मान्यतेचा छाप आहे का ते बघा. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५९ बदली सायलेन्सरसाठीच आहे आणि तो मानणाऱ्या देशांत हा छाप महत्त्वाचा ठरतो. उभ्या गाडीच्या चाचणीत माइक टिपेपासून अर्धा मीटर लांब आणि ४५ अंशांच्या कोनात धरतात. स्वतः अंदाज घ्यायचा तर तसंच धरा. व्हॉल्व्ह बंद असताना पास म्हणजे उघडा असतानाही पास, असं धरून चालू नका.

एरवी या व्हॉल्व्हला देखभाल फारशी लागत नाही. फक्त महिनोन्‌महिने एकाच स्थितीत ठेवू नका. दांड्याभोवती कार्बन साचतो आणि चकती रुतून बसते. आठवड्यातून एकदा तरी उघडून मिटवा. आणि कंपनीचा सायलेन्सर मोडीत घालू नका. त्याचे नट, हँगर आणि गॅस्केटचा भाग क्रमांक एका पिशवीत घालून सायलेन्सरलाच बांधा आणि कोरड्या जागी उभा करून ठेवा. तपासणीच्या वेळी किंवा गाडी विकताना तो मागितला जातोच.